भरपाई एका राज्याच्या कायद्याने, अपघात दुसऱ्या राज्यात: विमा कंपनीने वसुली कोणत्या कायद्याने करावी?

प्रश्न 1 : माझे यजमान जॉर्जिया राज्यातील अल्फारेटा येथे एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतात. कंपनीच्या कामासाठी ते आयोवा राज्यात डे मॉइन येथे ग्राहकाच्या कार्यालयात जात असताना एका डिलिव्हरी व्हॅनने सिग्नल मोडून त्यांच्या भाड्याच्या गाडीला धडक दिली. मणक्याची शस्त्रक्रिया झाली, आणि अजूनही त्यांना अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ खुर्चीत बसवत नाही. कंपनीच्या वर्कर्स कॉम्पेन्सेशन (कामगार भरपाई) विम्याने जॉर्जियाच्या कायद्याखाली औषधोपचार आणि बुडालेला पगार मिळून 90,000 डॉलर दिले. व्हॅनच्या मालकावर आम्ही डे मॉइनच्या न्यायालयात दावा लावला असून समोरची बाजू 2,40,000 डॉलरवर तडजोड करायला तयार आहे. मात्र आता आमच्याच विमा कंपनीचे पत्र आले आहे, की अपघात आयोवातला आणि दावाही आयोवातला, तेव्हा आयोवाच्या कायद्याप्रमाणे आम्ही दिलेले पैसे तडजोडीच्या रकमेतून परत करा. जॉर्जियातील एक परिचित वकील म्हणतात, काहीही द्यावे लागणार नाही. खरे कोणाचे मानायचे?
(एक वाचक, जॉर्जिया)

उत्तर : आपल्या परिचित वकिलांचे म्हणणे बहुतांशी बरोबर आहे. मात्र ते आपोआप मान्य होणार नाही. ते आयोवाच्या न्यायालयात रीतसर मांडावे लागेल.

एकाच अपघातातून येथे दोन वेगळे प्रश्न निघाले आहेत, आणि विमा कंपनीच्या पत्राने ते सोयीस्करपणे एकत्र केले आहेत. पहिला प्रश्न व्हॅनचा मालक आपल्या यजमानांना किती देणे लागतो हा. सिग्नल आयोवाचा, रस्ता आयोवाचा, व्हॅनही तिथलीच, त्यामुळे तिथे आयोवाचा कायदा लागणार यात शंका नाही. दुसरा प्रश्न असा, की त्या रकमेत आधी भरपाई देऊन बसलेल्या विमा कंपनीचा वाटा किती. या दुसऱ्या प्रश्नाशी व्हॅनच्या मालकाला काहीच देणेघेणे नाही, कारण त्याच्या खिशातून जायची रक्कम तेवढीच राहते. हा हिशेब जखमी कर्मचारी आणि त्याच्या मालकाची विमा कंपनी यांच्यातला आहे आणि त्या दोघांचे नाते डे मॉइनच्या चौकात जुळलेले नाही. ते जॉर्जियात, जॉर्जियाच्या भरपाई कायद्याखाली जुळलेले आहे.

अमेरिकेत कामगार भरपाईचा कायदा प्रत्येक राज्याचा वेगळा असतो, आणि एकाच अपघाताला दोन राज्यांचे कायदे लागू शकतात हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वीच मान्य केले आहे. 1935 सालच्या अलास्का पॅकर्सच्या खटल्यातला कामगार सॅन फ्रान्सिस्कोत करार करून अलास्कात सामन माशांच्या हंगामी कामावर गेला होता. इजा अलास्कात झाली तरी कॅलिफोर्नियाला आपला भरपाई कायदा लावता येतो, असे न्यायालयाने ठरवले. पुढे 1939 साली पॅसिफिक एम्प्लॉयर्सच्या खटल्यात बाजू उलटी होती. मॅसॅच्युसेट्सचा कर्मचारी कॅलिफोर्नियात जखमी झाला होता, आणि तिथेही कॅलिफोर्नियाने स्वतःचाच कायदा लावला तर राज्यघटना आड येत नाही असा निर्णय झाला. म्हणजे राज्यघटना कोणत्याही एका कायद्याची सक्ती करत नाही. कोणता कायदा निवडायचा, हे ज्या राज्यात दावा चालतो तिथले न्यायालय आपल्या नियमांनी ठरवते. व्हॅनच्या मालकाने खटला फेडरल न्यायालयात नेला तरी यात फरक पडत नाही, कारण 1941 सालच्या क्लॅक्सन निकालापासून फेडरल न्यायालयाने अशा प्रकरणात ते ज्या राज्यात बसते त्याच राज्याचे निवडीचे नियम पाळावेत असे ठरलेले आहे.

या नियमांमध्ये आपल्या कामाचा नियम अमेरिकन लॉ इन्स्टिट्यूट या संस्थेने 1971 साली प्रसिद्ध केलेल्या, कायद्यांच्या संघर्षाविषयीच्या दुसऱ्या रीस्टेटमेंटच्या 185 व्या कलमात आहे. त्याचा आशय असा, की कर्मचाऱ्याला ज्या राज्याच्या भरपाई कायद्याखाली रक्कम मिळाली, त्याच राज्याचा कायदा भरपाई देणाऱ्याचा तिऱ्हाइताकडून, म्हणजे येथे व्हॅनच्या मालकाकडून, होणाऱ्या वसुलीतला हक्क ठरवतो. रीस्टेटमेंट हा काही विधिमंडळाने केलेला कायदा नव्हे. ते जाणकारांनी केलेले संकलन आहे आणि एखाद्या राज्याच्या न्यायालयाने स्वीकारले तरच तिथे त्याला वजन येते. सुदैवाने आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाने ते स्वीकारलेले आहे. 2013 साली डकोटा ट्रक अंडररायटर्स ही विमा कंपनी पक्षकार असलेल्या खटल्यात भरपाई दक्षिण डकोटाच्या कायद्याखाली दिलेली होती आणि वाद आयोवाच्या न्यायालयात आला होता. तिथे न्यायालयाने 185 व्या कलमाचा आधार घेऊन वसुलीचा हक्क दक्षिण डकोटाच्या कायद्याने तपासला. आपल्या प्रकरणात दक्षिण डकोटाच्या जागी जॉर्जिया आहे, इतकाच काय तो फरक.

या नियमामागचा विचार मला पटतो. कामगार भरपाई हा मुळात एक सौदा आहे. कर्मचाऱ्याने मालकाचा दोष सिद्ध न करता ठराविक रक्कम घ्यायची, आणि त्या बदल्यात मालकावर दावा लावायचा नाही. वेदनेबद्दल, आयुष्यातल्या सुखाच्या हानीबद्दल त्यात काही मिळत नाही, आणि पगारही पूर्ण मिळत नाही. त्या सौद्यात कुणी किती द्यायचे आणि दिलेल्यातले किती परत घ्यायचे, या दोन्ही गोष्टी एकाच विधिमंडळाने एकत्र विचार करून बसवलेल्या असतात. विम्याचा हप्ताही त्याच हिशेबाने आकारलेला असतो. द्यायची वेळ आली तेव्हा जॉर्जिया आणि घ्यायची वेळ आली तेव्हा आयोवा, असे विमा कंपनीला करू दिले तर सौद्याचा अर्धाच भाग शिल्लक राहतो.

आता दोन्ही कायदे आपल्या आकड्यांवर लावून पाहू. आयोवाच्या संहितेचे 85.22 कलम नोकरी देणाऱ्या मालकाला किंवा त्याच्या विमा कंपनीला दिलेल्या रकमेइतका बोजा देते, मात्र वकिलाची फी त्यातून वजा होते. सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा चढावा तसा हा दाव्याच्या रकमेवर चढतो, आणि तो उतरवल्याशिवाय पैसे मोकळे होत नाहीत. वकिलाची फी एक तृतीयांश धरली, तर 90,000 मधून 30,000 वजा होऊन सुमारे 60,000 डॉलर विमा कंपनीकडे जातील. तडजोडीतून फी गेल्यावर उरणाऱ्या 1,60,000 पैकी आपल्या हाती 1,00,000 राहतील.

जॉर्जियाच्या 34-9-11.1 या कलमातही बोजा आहे, पण त्याला मोठी अट आहे. भरपाईची रक्कम आणि तिऱ्हाइताकडून मिळालेली रक्कम दोन्ही जमेस धरून कर्मचाऱ्याच्या सर्व आर्थिक आणि आर्थिकेतर हानीची पूर्ण भरपाई झाली असेल, तरच विमा कंपनीला परतावा मिळतो. आर्थिकेतर या शब्दात वेदना, अपंगत्व आणि खुर्चीत बसता न येणे हे सगळे आले. आपल्या यजमानांची एकूण हानी 5,00,000 डॉलरची आहे असे मानले, तर 90,000 अधिक 2,40,000 म्हणजे 3,30,000 झाले. पूर्ण भरपाई झालेली नाही, म्हणून परतावा शून्य. शिवाय ही पूर्ण भरपाई झाली आहे हे सिद्ध करण्याचा भार विमा कंपनीवर आहे. रकमेतला किती भाग कोणत्या हानीसाठी हे वेगळे न काढता ठोक तडजोड झालेली असेल, तर तो भार उचलणे विमा कंपनीला फार कठीण जाते, हे जॉर्जियाच्या न्यायालयांच्या निकालांतून दिसते. पत्रात आयोवाचे नाव का आले असावे, हे यावरून आपल्या लक्षात येईल.

तरीही पत्राकडे दुर्लक्ष करून तडजोडीवर सही करू नका. दुसऱ्या राज्याचा कायदा लागू होतो असे म्हणणाऱ्या पक्षाने ते वेळेत आणि लेखी मांडावे लागते. मांडले नाही, तर न्यायालय आपलाच कायदा लावून मोकळे होते. म्हणून आपल्या आयोवातील वकिलांनी जॉर्जियाच्या कलमाचा मजकूर आणि 2013 चा निकाल दोन्ही कागदपत्रांत दाखल करावेत. दुसरे असे की, हक्क किती हे जॉर्जियाचा कायदा ठरवत असला तरी दावा चालवण्याची कार्यपद्धती आयोवाचीच राहते, आणि सूचना, मुदत व संमती यांपैकी काय हक्कात मोडते आणि काय कार्यपद्धतीत, यावर वाद होऊ शकतो. आयोवाच्या कायद्यात तडजोडीला नोकरी देणाऱ्या मालकाची किंवा त्याच्या विमा कंपनीची संमती, आणि ती नाकारली गेल्यास भरपाई आयुक्तांची लेखी मंजुरी लागते. तसेच कर्मचाऱ्याकडून दाव्याची सूचना मिळाल्यापासून 30 दिवसांच्या आत विमा कंपनीने बोजाची नोंद न्यायालयाच्या कार्यालयात करावी लागते. आपण विमा कंपनीला दाव्याची सूचना कोणत्या तारखेला दिली आणि तिने नोंद केली का, हे आधी तपासा. मंजुरीचा अर्जही करून ठेवावा, कारण त्यात आपले काही जात नाही. वादातले 60,000 डॉलर वकिलाच्या विश्वस्त खात्यात ठेवून बाकीची तडजोड पूर्ण करणे हा मार्ग अशा प्रकरणांत नेहमी वापरला जातो, आणि उपचाराचा खर्च चालू असलेल्या कुटुंबाला तोच सोयीचा पडतो.

एक गोष्ट मात्र टाळा. आयोवात अपघात झाला म्हणून तिथेही भरपाईचा वेगळा अर्ज करावा असे कुणी सुचवेल. दोन राज्यांत भरपाई मागण्यास राज्यघटनेची हरकत नाही, हे 1980 साली वॉशिंग्टन गॅस लाइटच्या खटल्यात दिसून आले. पण भरपाई दोन कायद्यांखाली आली की 185 व्या कलमाचा सरळ अर्थ गढूळ होतो. थोड्या जादा रकमेसाठी जॉर्जियाच्या कायद्याचे संरक्षण पणाला लावण्यात शहाणपण नाही.

प्रश्न 2 : मी टेक्सासमधील डॅलस येथील बांधकाम यंत्रांच्या कंपनीत सुपरवायझर आहे. मिसुरी राज्यात कॅन्सस सिटीजवळच्या साइटवर दुसऱ्या कंत्राटदाराची क्रेन फिरताना माझा पाय चिरडला. मी पिवळ्या पट्टीच्या आत उभा होतो, त्यामुळे थोडा दोष माझ्याकडे येईल असे वकील सांगतात. भरपाई टेक्सासमध्ये घ्यावी की मिसुरीत, असा पर्याय माझ्यापुढे आहे. साप्ताहिक रकमेत कुठे जास्त मिळते एवढेच पाहावे का?
(एक वाचक, टेक्सास)

उत्तर : नाही, आणि आपण अर्ज करण्याआधीच विचारले हे चांगले झाले. आपला अर्ज म्हणजे एका अर्थी कंत्राटदाराकडून पुढे येणाऱ्या पैशाच्या वाटपाचा कायदा निवडणेच आहे. मिसुरीच्या अपील न्यायालयानेही 185 व्या कलमाचा मार्ग पत्करलेला आहे. म्हणजे आपण टेक्सासची भरपाई घेतली, तर दावा मिसुरीत चालला तरी वाटप टेक्सासच्या कायद्याने होण्याचीच शक्यता अधिक.

टेक्सासचा कायदा विमा कंपनीच्या बाजूने कडक आहे. तिऱ्हाइताकडून आलेल्या निव्वळ रकमेतून आधी विमा कंपनीचे पैसे फिटतात. उरलेली रक्कमही भविष्यातल्या भरपाईची आगाऊ रक्कम समजली जाते, म्हणजे ती संपेपर्यंत विमा कंपनी पुढचे हप्ते थांबवू शकते. कर्मचाऱ्याची पूर्ण भरपाई झाली का, हा प्रश्नच तिथे विचारला जात नाही. विमा कंपनीचा वाटा कमी होतो तो मालकाचा दोष निघाला तर. कर्मचाऱ्याच्या दोषासाठी तशी सूट त्या कलमात नाही.

मिसुरीच्या कायद्याचे 287.150 कलम येथे आपल्याला उपयोगी पडेल. वकिलाची फी आणि खर्च वजा जाता उरलेली रक्कम मालक आणि कर्मचारी यांच्यात प्रमाणाने वाटली जाते. कर्मचाऱ्याचा अंशतः दोष ठरला असेल तर ते प्रमाण मिळालेल्या रकमेशी न काढता ज्युरीने ठरवलेल्या एकूण हानीशी काढतात. समजा आपली हानी 4,00,000 डॉलर ठरली आणि 40 टक्के दोष आपला म्हणून 2,40,000 मिळाले. भरपाई 90,000 आणि फी एक तृतीयांश धरू. निव्वळ 1,60,000 उरतात. मिसुरीच्या सूत्राने 90,000 भागिले 4,00,000 म्हणजे साडेबावीस टक्के, त्यानुसार विमा कंपनीला 36,000 जातील. टेक्सासमध्ये विमा कंपनीने फीपोटी आपल्या 90,000 पैकी एक तृतीयांश सोसले तरी तिला 60,000 जातील. आपला दोष जितका जास्त ठरेल, तितकी ही तफावत वाढत जाते. ज्याने तडजोड केली त्याच्यासाठी मात्र हे सूत्र असेच लागू होईल असे समजू नका, कारण त्यात ज्युरीने ठरवलेली हानी लागते.

टेक्सासच्या कायद्यातली आणखी एक तरतूद लक्षात ठेवा : दुसऱ्या राज्याच्या कायद्याचा मार्ग निवडून तिथली भरपाई ज्याने घेतली, त्याला टेक्सासची भरपाई मिळत नाही. त्यामुळे मिसुरीत पहिला धनादेश वटवण्यापूर्वी दोन्ही राज्यांतले साप्ताहिक दर, उपचाराची मुदत आणि वरचा हिशेब एकाच कागदावर मांडून वकिलाशी बोला. मालकाचे मनुष्यबळ खाते सहसा स्वतःहून टेक्सासमध्ये अर्ज भरून टाकते. तसे झाले असेल तर तो आपल्या सहीने झाला की त्यांच्या, हे पाहावे.

प्रश्न 3 : माझा भाऊ सातपूर औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात कामाला होता. 2024 साली कारखान्याचा माल घेऊन जाताना गुजरातमध्ये सुरतजवळ टँकरने धडक दिली आणि तो गेला. मालकाने कामगार नुकसानभरपाई आयुक्तांकडे रक्कम भरली, ती वहिनीला मिळाली. आम्ही मुदतीत नाशिकच्या मोटार अपघात न्यायाधिकरणात टँकरविरुद्धही अर्ज केला. टँकरची विमा कंपनी आता म्हणते, अपघात गुजरातचा आहे आणि तुम्ही एकदा भरपाई घेतलेली आहे, अर्ज फेटाळा.
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : गुजरातचा मुद्दा सोडून द्या. 1923 चा भरपाई कायदा आणि 1988 चा मोटार वाहन कायदा हे दोन्ही केंद्राचे कायदे असल्याने अमेरिकेसारखी राज्याराज्यांतल्या कायद्यांची निवड येथे करावीच लागत नाही. अर्जदार जिथे राहतो तिथल्या न्यायाधिकरणातही अर्ज करता येतो, तेव्हा नाशिक योग्यच आहे.

दुसरा मुद्दा खरा आहे. मोटार वाहन कायद्याच्या 167 व्या कलमानुसार दोन्ही कायद्यांखाली हक्क असेल तर कोणत्याही एका कायद्याखालीच दावा करता येतो, दोन्हींखाली नाही. 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने हा पर्याय एकदा निवडला की निवडला असे स्पष्ट केले. पण पर्याय निवडला असे म्हणायला वारसांनी स्वतः आयुक्तांकडे अर्ज केलेला असला पाहिजे. मालकाने आपणहून 1923 च्या कायद्याच्या 8 व्या कलमाखाली रक्कम भरली आणि वारसांनी ती नुसती उचलली, तर ती निवड ठरत नाही, असे 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने ओरिएंटल इन्शुरन्सच्या प्रकरणात सांगितले आहे. तसे असल्यास न्यायाधिकरणाचा अर्ज चालतो आणि आधी मिळालेली रक्कम निवाड्यातून वजा होते. मालकाला किंवा त्याच्या विमा कंपनीलाही हात बांधून बसावे लागत नाही. 1923 च्या कायद्याच्या 13 व्या कलमाने त्यांना दिलेली रक्कम टँकरच्या मालकाकडून भरून घेण्याचा हक्क आहे. तो वाद त्यांनी आपसात मिटवायचा आहे, वहिनीला त्यात ओढण्याचे कारण नाही.

आयुक्तांच्या कार्यालयातून प्रकरणाची प्रमाणित नक्कल काढून घ्या. तिच्यात मालकाचे रक्कम भरल्याचे पत्र कोणत्या कलमाखाली आहे आणि वहिनीच्या सहीचा कागद हा दाव्याचा अर्ज आहे की नुसती पोच, हे पाहून ती नक्कल पुढच्या तारखेला न्यायाधिकरणात दाखल करा.